स्वालबार्डचं तापमान म्हणजे नेमकं कुठलं? एका नकाशाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

भूगोल विभागाच्या भिंतीसाठी आर्क्टिकमधल्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या हवेच्या तापमानाचा मोठा नकाशा करायचं ठरलं. संपूर्ण मराठीत. आकडेमोड आणि संगणकाचं काम दुसऱ्या वर्षातली सायली बघणार, मजकूर आणि मांडणी माझ्याकडे.

हा विषय बरेच दिवस मनात होता. आर्क्टिकबद्दल आपल्याकडे जे लिहून येतं त्यात ‘स्वालबार्डचं तापमान इतकं’ असं एका आकड्यात उरकलेलं असतं. तो आकडा बहुतेक वेळा लाँगइयरब्येन या तिथल्या मुख्य गावाच्या विमानतळावरचा, म्हणजे धावपट्टीशेजारी, समुद्रसपाटीपासून २८ मीटरवर असलेल्या एका केंद्राचा. द्वीपसमूह मात्र ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांमध्ये पसरलेला आहे, क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, आणि त्यातली निम्म्याहून जास्त जमीन हिमनद्यांखाली. एवढ्या प्रदेशाचं तापमान एका ठिकाणी मोजून कळणार नाही. शेजारचा समुद्र उघडा आहे की गोठलेला, यावर तिथलं तापमान जितकं ठरतं तितकं अक्षांशावरही ठरत नाही. नकाशा बघणाऱ्याला एवढं जरी कळलं तरी काम झालं.

११ जानेवारी

नॉर्वेच्या हवामान संस्थेची आकडेवारी सगळ्यांना खुली आहे, त्यामुळे परवानग्यांची पत्रं लिहिण्यात वेळ गेला नाही. सुरुवात १९६१ ते १९९० या तीस वर्षांच्या सरासरीने केली, कारण मोठी तापमानवाढ त्यानंतरची. आधी जुनी घडी कशी होती ते समजून घ्यायचं.

वार्षिक सरासरी, अंश सेल्सिअसमध्ये, दक्षिणेकडून उत्तरेकडे: ब्यॉर्नओया बेट उणे २.४, हूपेन बेट उणे ६.४, लाँगइयरब्येनचा विमानतळ उणे ६.७, न्यू-ओलेसुंड हे संशोधकांचं गाव उणे ६.३.

या ओळीत सगळा प्रश्न आहे. ब्यॉर्नओया साडेचौऱ्याहत्तर अंशांवर, हूपेन साडेशहात्तरवर. दोन अंश अक्षांश चढलो आणि तापमान चार अंशांनी पडलं. तिथून न्यू-ओलेसुंड आणखी अडीचशे किलोमीटरहून जास्त उत्तरेला, ७८.९ अंशांवर, पण सरासरी जवळपास तीच.

उत्तर पाण्यात आहे. अटलांटिकचं कोमट पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याने वर येतं आणि पश्चिम स्पिट्सबर्गेन प्रवाह म्हणून बेटांच्या पश्चिम बाजूला लागून फ्राम सामुद्रधुनीकडे जातं. पूर्वेकडून मात्र आर्क्टिकचं थंड पाणी तरंगत्या बर्फासकट खाली उतरतं. हूपेन त्या थंड पाण्याच्या वाटेत उभं आहे, सुमारे चौतीस किलोमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम दोन किलोमीटर. इतक्या चिंचोळ्या जमिनीला स्वतःचं असं हवामान नसतंच, तापमापक अक्षरशः समुद्राचंच तापमान सांगतो.

सायलीने भिंतीवर कागद लावून चारही ठिकाणं मांडली आणि समताप रेषा पेन्सिलने ओढून बघितल्या. “मॅडम, या तर उभ्या चालल्यात,” ती म्हणाली. पाठ्यपुस्तकात आपण समताप रेषा साधारण पूर्व-पश्चिम जाताना बघतो. इथे त्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेने दक्षिणोत्तर वळतात. नकाशाचं मुख्य चित्र हेच.

१९ जानेवारी

वार्षिक सरासरीत फार गोष्टी लपतात. आज महिने वेगळे काढले.

विमानतळावर फेब्रुवारी उणे १६.२ आणि जुलै ५.९, म्हणजे वर्षभरातला फरक बावीस अंशांचा. ब्यॉर्नओयावर सर्वात थंड महिना उणे ८.१ आणि जुलै ४.४, फरक साडेबारा. आणि मौज म्हणजे पावणेचार अक्षांश उत्तरेला असलेल्या विमानतळावरचा जुलै ब्यॉर्नओयापेक्षा गरम. चारी बाजूंनी समुद्र असलेलं छोटं बेट हिवाळ्यात फार गोठत नाही आणि उन्हाळ्यात फार तापत नाही. विमानतळ इसफियॉर्डच्या काठावर आहे (फियॉर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी). तिच्या आतल्या भागात, डोंगरांच्या आड, समुद्र जवळ असूनही हवा खंडांतर्गत प्रदेशासारखी वागते.

हे एकाच फियॉर्डमध्येही दिसतं. मुखाशी काप लिनेला इसफियॉर्ड रेडिओ हे जुनं केंद्र आहे, विमानतळापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर. हिवाळ्यात मुखाशी ऊब जास्त, उन्हाळ्यात आतल्या बाजूला. वर्षाची सरासरी काढली की यातलं बरंचसं एकमेकांत मिटून जातं. म्हणून निर्णय: वार्षिक सरासरीचा नकाशा कोपऱ्यात छोटा, हिवाळा आणि उन्हाळा हे दोन मोठे.

२६ जानेवारी

आज उंचीचा प्रश्न हातात घेतला आणि दिवसभर त्यातच गेला.

हजार मीटरला साडेसहा अंश हा नियम वर्गात आपण सगळेच शिकवतो. त्या हिशेबाने न्यू-ओलेसुंडच्या डोक्यावर झेपलिन डोंगरावर ४७४ मीटरवर जी वेधशाळा आहे, तिथे गावापेक्षा तीन अंश कमी हवेत. उन्हाळ्यात ढगाळ, वारा असलेल्या दिवशी आकडे साधारण तसेच येतात. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की गणित उलटतं: गाव थंड, डोंगर उबदार. लाँगइयरब्येनजवळ आडव्हेंटडालन दरीच्या तळाशी एक केंद्र आहे आणि वर ग्रुव्हेफिएल डोंगरावर ४६४ मीटरवर दुसरं. तिथेही तोच प्रकार.

यामागचं कारण सायलीला समजावताना पाषाणचं उदाहरण कामी आलं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पाषाणला मफलर लागतो, तेव्हा मगरपट्ट्यात चार-पाच अंशांनी ऊब असते. रात्री जमीन उष्णता सोडते, गार हवा जड होऊन सखल भागात साचते. स्वालबार्डमध्ये हीच रात्र अडीच महिने चालते. १४ नोव्हेंबरपासून २९ जानेवारीपर्यंत लाँगइयरब्येनला गडद ध्रुवीय रात्र असते (सूर्य क्षितिजावर येतो तो फेब्रुवारीच्या मध्यात), आणि खाली बर्फाची पांढरी चादर. ती उष्णता सोडत राहते आणि तिची भरपाई करायला सूर्य नाही. वर हिमनद्यांवर गार झालेली हवा उतारावरून घसरत दऱ्यांत येते आणि फियॉर्ड गोठलेला असेल तर त्याच्यावर जाऊन बसते. तापमानाची विपरीतता मग दिवसचे दिवस टिकते.

ती मोडते कशी, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वारा सुटला किंवा ढग आले की साचलेली थंड हवा वरच्या हवेत घुसळली जाते आणि दरीतलं तापमान काही तासांत दहा-दहा अंश चढतं. बाहेरून उबदार हवा आलेली असेलच असं नाही, वरचीच खाली आलेली असते. त्यामुळे एखाद्या केंद्रावरची हिवाळ्यातली वाढ बघताना वारा किती होता हे विचारल्याशिवाय काहीच बोलता येत नाही.

नकाशासाठी याचा अर्थ: हिवाळ्याच्या नकाशात डोंगरांना ठोकळ नियमाने रंग द्यायचा नाही. उन्हाळ्यात चालेल.

९ फेब्रुवारी

गेला आठवडाभर आम्ही जुनी आकडेवारी बाजूला ठेवून ताज्या नोंदी बघतोय. २ फेब्रुवारीला उत्तर ध्रुवाच्या परिसरात सरासरीपेक्षा वीस अंशांहून जास्त तापमान असल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याच सुमाराला स्वालबार्डच्या पश्चिमेकडची केंद्रं शून्याच्या आसपास. १९६१ ते १९९० च्या फेब्रुवारी सरासरीपुढे हा आकडा ठेवला की अंगावर काटा येतो.

तासागणिक आलेख बघताना सायलीने विचारलं, “यात दिवस-रात्र कुठे दिसत नाही?” आपल्याकडच्या कुठल्याही आलेखात दुपारची टेकडी आणि पहाटेचा खळगा असतोच. या दिवसांत तिथे तो नाही, कारण सूर्य अजून क्षितिजाखालीच आहे. रेघ वर-खाली जाते ती मुख्यतः वाऱ्यामुळे. दक्षिणेकडून अटलांटिकवरची ओलसर हवा घेऊन वादळ आलं की वर, ईशान्येकडून बर्फावरची हवा आली की खाली. थंडीच्या महिन्यांत तिथलं तापमान हे घड्याळ नव्हे, वातकुक्कुट बघून सांगावं लागतं.

२२ फेब्रुवारी

न्यू-ओलेसुंडला अजून वितळणं चालू आहे. तिथल्या फोटोंत टुंड्रावर पाण्याची डबकी आहेत. फेब्रुवारीत.

याच्या मागचा एक नमुना शोधायला २०१२ पर्यंत गेलो. ३० जानेवारी २०१२ रोजी न्यू-ओलेसुंडला एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो बर्फावर पडला, मग गोठला, आणि जमिनीवर बर्फाचं कवच तयार झालं. स्वालबार्डचं रेनडिअर हिवाळ्यात पातळ बर्फ खुरांनी उकरून खालचं गवत आणि शेवाळ खातं. कवचाखालचं त्याला मिळत नाही. त्यामुळे सरासरी किती वाढली यापेक्षा हिवाळ्यात पारा शून्य ओलांडून किती वेळा वर गेला हे तिथल्या जिवांसाठी जास्त निर्णायक. उणे वीसवरून उणे बारावर आलं तर बर्फ बर्फच राहतं. उणे एकवरून अधिक एकवर गेलं की सगळं बदलतं. नकाशाच्या शेजारी या शून्य रेषेसाठी स्वतंत्र चौकट ठेवायची.

८ मार्च

आज लाँगइयरब्येनमध्ये सूर्योत्सव. डोंगरांमुळे सूर्याचे किरण गावात आजच्या सुमाराला पोचतात आणि जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांवर मुलं त्यांचं स्वागत करतात. इथून पुढे आलेखात दुपारची टेकडी हळूहळू दिसायला लागेल. एप्रिलच्या उत्तरार्धात मध्यरात्रीचा सूर्य सुरू झाला की ती पुन्हा बुटकी होईल.

२३ मार्च

पूर्वेकडचा भाग. सगळ्यात कमी माहिती इथली आणि सगळ्यात जास्त बदलही इथलाच.

पश्चिमेला वस्त्या आहेत, खाणी होत्या, जहाजं येतात, म्हणून केंद्रंही तिकडे. पूर्वेला नॉर्डआउस्टलांडेट बेटावर ऑस्टफोन्ना ही आठ हजार चौरस किलोमीटरच्या घरातली हिमटोपी पसरलेली, त्यापलीकडे क्वीतओया बेट, जवळपास पूर्ण बर्फाखाली. तिकडे माणूस फारसा फिरकतच नाही. स्वयंचलित केंद्रं ठेवावी लागतात आणि ती बंद पडली तर दुरुस्तीला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं. ध्रुवीय अस्वलं कुतूहलाने केबल चावतात, खांब हलवतात. त्या भागात ठेवलेला तापमापक एवढ्याशा कारणाने महिनोन्‌महिने गप्प बसू शकतो.

क्वीतओया म्हटलं की आंद्रेची आठवण येतेच. स्वीडनचा सालोमन आंद्रे दोन सोबत्यांसह १८९७ मध्ये स्वालबार्डमधून फुग्यात बसून ध्रुवाकडे निघाला. फुगा बर्फावर उतरला, तिघे चालत चालत क्वीतओयाला पोचले आणि तिथेच गेले. त्यांचे अवशेष आणि नोंदवह्या १९३० च्या ऑगस्टमध्ये सापडल्या, तेही त्या उन्हाळ्यात बर्फ नेहमीपेक्षा कमी असल्याने एक नॉर्वेजियन जहाज तिथवर जाऊ शकलं म्हणून. तेहेतीस वर्षं त्यांचा ठाव लागला नव्हता. माझ्या दृष्टीने तीही समुद्रबर्फाची एक नोंदच आहे.

आता आकडे. नॉर्वेच्या हवामान संस्थेतल्या केतिल इसाक्सेन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये पूर्व आणि उत्तर स्वालबार्डच्या दुर्गम केंद्रांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. २००१ ते २०२० या काळात बॅरेंट्स समुद्राच्या, म्हणजे स्वालबार्डच्या पूर्वेकडच्या समुद्राच्या, उत्तर भागात वार्षिक तापमानवाढ दशकाला २.७ अंशांपर्यंत, आणि शरद ऋतूत तर ४ अंशांपर्यंत. पृथ्वीवर नोंदलेल्या सगळ्यात वेगवान वाढींपैकी ही एक.

शरद ऋतूच का, हे नकाशावर कळलं पाहिजे. उन्हाळ्यात समुद्र उघडा झाला की पाणी उष्णता साठवतं. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत त्यावर बर्फाचं झाकण पडायचं आणि वरची हवा झपाट्याने थंड व्हायची. समुद्राचं खारं पाणी उणे १.८ च्या आसपास गोठतं. उघड्या पाण्याला लागून असलेली हवा त्याहून फार खाली सहज जात नाही, खालून सतत उष्णता येत राहते. जाड बर्फ, त्यावर हिम, असं झालं की तो संबंध तुटतो आणि पारा उणे वीस-पंचवीसला जायला मोकळा होतो. म्हणजे बर्फ चार-सहा आठवडे उशिरा आलं की तेवढ्या आठवड्यांपुरती ती जागा जणू पश्चिम किनाऱ्यावर येऊन बसते.

जानेवारीत भिंतीवर ज्या उभ्या रेषा ओढल्या होत्या, त्या पूर्वेकडे सरकत आहेत. नकाशा ज्या फरकाचा करतोय तो फरकच जागेवर राहात नाहीये.

१२ एप्रिल

केंद्रांमधली रिकामी जागा कशाने भरायची? सायलीने दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवले.

पहिला, युरोपचं ईआरए-५ हे रीअॅनालिसिस, म्हणजे मोजलेल्या नोंदी आणि संगणकाचं हवामान-गणित जोडून तयार केलेला चौकोनाचौकोनांचा तक्ता. जगभर एकसारखं, भरवशाचं, पण एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा. त्यात हूपेन नाहीच. चौकोनाच्या मानाने बेट इतकं अरुंद की संगणकाच्या लेखी तिथे नुसता समुद्र. आडव्हेंटडालनची दरी नाही, इसफियॉर्डच्या फांद्या नाहीत. दुसरा, कोपर्निकस कार्यक्रमातलं कारा, खास आर्क्टिकसाठी केलेलं, अडीच किलोमीटरचं. त्यात फियॉर्ड फियॉर्डसारखे दिसतात आणि हिमनद्यांच्या जिभाही.

निर्णय सोपा होता, पण कारा घेऊनही हिवाळ्यातल्या दऱ्यांबद्दल मी हात राखूनच रंग भरणार आहे. शंभर-दोनशे मीटर जाडीचा थंड हवेचा थर दरीत कसा साचतो हे अडीच किलोमीटरच्या चौकोनाला जेमतेम कळतं. म्हणून केंद्रांचे ठिपके रंगांच्या वर ठसठशीत दाखवायचे. मोजलेलं कुठलं आणि काढलेलं कुठलं, हे बघणाऱ्याला एका नजरेत कळायला हवं.

४ मे

काळाची बाजू. विमानतळाच्या नावाने जी मालिका वापरतात ती १८९८ पासूनची आहे, आणि विमानतळ तर १९७५ मध्ये सुरू झाला. मधली सगळी वर्षं निरनिराळ्या जागांवरून जोडून आणलेली. सुरुवातीला हिवाळा काढायला थांबलेल्या शिकाऱ्यांच्या आणि मोहिमांच्या नोंदी, मग १९११ पासून ग्रीन हार्बरचं केंद्र, पुढे लाँगइयरब्येन गाव, रशियन वस्ती बारेन्ट्सबुर्ग. दुसऱ्या महायुद्धात वस्त्या रिकाम्या झाल्या, तिथे खंड.

या जोडकामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. दोन जागा एकाच फियॉर्डमध्ये असल्या तरी एक मुखाशी, एक आत, म्हणजे हिवाळ्यात आपोआप काही अंशांचा फरक. तो न काढता आकडे एकापुढे एक ठेवले तर केंद्र हललं तेव्हा हवामान बदललं असं वाटेल. नॉर्वेच्या ओइविंद नॉर्डली यांनी सहकाऱ्यांसोबत वर्षानुवर्षं हे काम केलं. आपण या प्रकल्पात जागेजागेतले जे फरक अभ्यासतोय, तेच त्यांना आधी सोडवावे लागले, कारण त्याशिवाय शंभर वर्षांची एक सलग रेघ मिळणारच नव्हती.

त्या रेघेवरून: १८९८ ते २०१८ मध्ये दशकाला ०.३२ अंश वाढ. १९९१ ते २०१८ एवढंच घेतलं तर दशकाला १.७. तीस वर्षांची सरासरी १९६१–९० ची उणे ६.७, १९९१–२०२० ची उणे ३.९.

होर्नसुंडला पोलंडचं संशोधन केंद्र आहे, १९७८ पासून वर्षभर चालू. तिथली १९७९ ते २०१८ ची सरासरी उणे ३.७ आणि वाढ दशकाला १.१४ अंश. होर्नसुंड पश्चिम किनाऱ्यावर असलं तरी पूर्वेकडचा बर्फ दक्षिण टोकाला वळसा घालून तिथपर्यंत येतो, म्हणून हे ठिकाण दोन्ही बाजूंच्या मध्ये बसतं. नकाशावर त्याच्याजवळ प्रवाहाचा निळा बाण काढायचा.

७ जून

न्यू-ओलेसुंडला हिवाळ्यात राहून आलेल्या एका संशोधकांशी सविस्तर बोलणं झालं. भारताचं हिमाद्री केंद्र तिथे १ जुलै २००८ पासून आहे आणि त्याचं काम गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. बरीच वर्षं मोहिमा उन्हाळ्यातच जायच्या. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम गेली, तिच्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे लोकही होते. आकडेवारीच्या दृष्टीने हे मोठं पाऊल आहे. या बेटांवर जे घडतंय त्यातलं निम्म्याहून जास्त हिवाळ्यात घडतंय.

मी त्यांना तापमापकाबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलेलं इथे उतरवून ठेवते. तापमापक एका पांढऱ्या, एकावर एक बशा रचल्यासारख्या कवचात असतो, सूर्याची किरणं थेट पडू नयेत आणि हवा खेळती राहावी म्हणून. हिवाळ्यात त्या बशांच्या फटींत दंव गोठतं. वाऱ्याकडच्या बाजूला बर्फाचे बारीक काटे वाढत जातात, फटी बुजतात आणि आतली हवा कोंडते. मग तापमापक बाहेरच्या हवेच्या मागे मागे चालतो. कोणीतरी विजेरी घेऊन जायचं आणि मऊ ब्रशने ते काटे हलकेच झाडायचे. हातमोजा काढला तर बोटं लगेच बधिर होतात, नाही काढला तर ब्रश नीट धरता येत नाही. शिवाय तापमापक दोन मीटर उंचीवर म्हणतात, पण खाली मीटरभर हिम साचलं की तो एक मीटरच उरतो, आणि शांत हवेत तेवढ्या उंचीनेही वाचन बदलतं.

गावासमोरच्या कोंग्सफियॉर्डमध्ये इंडआर्क नावाची आपली उपकरणांची साखळी २०१४ पासून आहे, १९२ मीटर खोल पाण्यात. वर हवेत आणि खाली पाण्यात, दोन्ही ठिकाणी आपली उपकरणं आहेत हे ऐकून सायली एकदम खुलली. गोव्याला जाऊन ते केंद्र बघायचं तिच्या डोक्यात आहे. विभागप्रमुखांशी बोलते.

६ जुलै

उन्हाळ्याचा नकाशा. हिवाळ्यापेक्षा फरक कमी, पण स्वभाव वेगळा.

जुलैत द्वीपसमूहातली उबदार ठिकाणं म्हणजे मोठ्या फियॉर्डांचे आतले भाग, जिथे जमीन उघडी आहे आणि चोवीस तास सूर्य. पूर्वेला समुद्रावर धुकं, तरंगता बर्फ. हूपेनला जुन्या सरासरीत जुलै दोन अंशांच्या आसपास, म्हणजे विमानतळापेक्षा चारेक अंश कमी. हिमनद्यांवर आणखी एक गोष्ट. वितळणारा बर्फ शून्याच्या वर तापूच शकत नाही, येणारी उष्णता वितळण्यातच खर्च होते. त्यामुळे हिमनदीवरची हवा आणि तिच्या समोरच्या दगडगोट्यांवरची हवा यांत काही शेकडा मीटरांत अंशांचा फरक पडतो.

२५ जुलै २०२० ला विमानतळावर २१.७ अंश नोंदले गेले, १९७९ चा २१.३ चा विक्रम मोडून. मला त्याहून २०२४ चा ऑगस्ट जास्त अस्वस्थ करतो. त्या महिन्याची सरासरीच ११ अंश निघाली. जुन्या तीस वर्षांत ऑगस्ट ४.७ चा असायचा. एक गरम दुपार वाऱ्याच्या कृपेने येऊ शकते, अख्खा महिना तसा येत नाही.

२७ जुलै

फेब्रुवारीत आम्ही जे तासागणिक बघत होतो त्यावर न्यू-ओलेसुंडला त्या वेळी हजर असलेल्या संशोधकांचं टिपण या महिन्यात प्रसिद्ध झालं. फेब्रुवारी २०२५ ची तिथली सरासरी उणे ३.३. १९६१ ते २००१ ची सरासरी उणे १५. अठ्ठावीस दिवसांपैकी चौदा दिवस पारा शून्याच्या वर गेला, कमाल ४.७.

शून्य रेषेच्या चौकटीत हेच आकडे जाणार. तिच्याखाली २०१२ चा पाऊस.

छपाईआधीचे शेवटचे निर्णय सायलीबरोबर बसून केले. हिवाळा आणि उन्हाळा शेजारी शेजारी, एकाच रंगपट्टीवर, म्हणजे उन्हाळ्याचा नकाशा जवळजवळ एका रंगाचा दिसला तरी चालेल, हिवाळ्यातली फोड डोळ्यांत भरली पाहिजे. दोन काळांच्या समुद्रबर्फाच्या कडा हिवाळ्याच्या नकाशावर ठिपक्यांच्या रेषेने. नकाशावर ‘स्वालबार्डची सरासरी’ असा एकही आकडा नाही, प्रत्येक आकड्यापुढे केंद्राचं नाव आणि वर्षं. सायलीने पूर्वेकडच्या रिकाम्या भागावर करड्या तिरप्या रेघा सुचवल्या, ‘इथे मोजमाप विरळ’ अशा सूचनेसह. ते मला फार आवडलं, तसंच ठेवलं.

फाइल उद्या छपाईला जाईल. सहा फूट बाय चार, मॅट कागद. २०२५ चा शरद ऋतू संपला की हूपेन आणि कार्ल-१२ बेटाच्या नोंदी उतरवून पूर्वेची बाजू पुन्हा काढायची, त्यासाठी नकाशाचा उजवा तक्ता वेगळा, बदलता येईल असा छापून घेतोय.